पत्रिकेएवढी फट

माझ्या गाळ्यात रोज सकाळी सगळ्यात आधी जे गृहस्थ येतात, कुलूप उघडतात, भुसा झाडून घेतात आणि रंध्याचं पातं दगडावर घासत बसतात, ते माझे वडील आहेत. एवढं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. आमच्या बोरी अरब गावात हे कुणाला सांगायची गरज नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी सांगितलं नाही. त्यांना मी वेगळंच काहीतरी सांगितलं.

आम्ही लाकडी पेट्या करतो. धान्याच्या नव्हेत. मोठ्या शहरातल्या कंपन्यांना आपलं अत्तर, घड्याळ, नाहीतर चांदीचं नाणं दिमाखात गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचं असतं, त्या दिमाखाची पेटी. बाहेरून सागवान, आतून मखमल, झाकणावर पितळी अक्षरांत कंपनीचं नाव. पहिली पेटी अत्तराची होती. बाबांनी ती करायला घेतली तेव्हा विचारलं, "हिच्यात ठेवनार काय हायेत?" मी बोटभर उंचीची बाटली दाखवली. "एवढुशीले एवढं घर?" म्हणत त्यांनी आईलाही मुद्दाम हाक मारून ती बाटली दाखवली, आणि दोघं हसत बसले. मी चिडले. यांना ब्रँडिंग काय कळणार, असं मनात म्हटलं. खरं तर मनातच म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मी ते तोंडानंही म्हटलं.

सुतारकी आमच्या घरात वाडवडिलांकडून आलेली नाही. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केली. बाबांनी मात्र दारव्ह्याच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली राहून हा हुन्नर उचलला, आणि पुढं चौकटी, दारं, दिवाण करत सगळा पट्टा पालथा घातला. अजूनही नेरच्या बाजूला एखाद्या लग्नाला गेलो की बाबा जेवण सोडून त्या घराचं दार उघडून-लावून बघतात. दार आवाज न करता लागलं की त्यांचं जेवण गोड होतं. घरात पहिल्यांदा कुणाच्या हाताला असं नाव मिळालं ते त्यांच्या. मी यवतमाळला बी.कॉम. केलं, पुण्यात एका पॅकेजिंगवाल्याकडे दोन वर्षं काढली आणि लॅपटॉप घेऊन परत आले. रस्त्यावर गाळा भाड्यानं घेतला. बोर्डावर माझं नाव, कार्डावर माझं नाव. बाबा म्हणाले, "मले नको टाकू बोर्डावर. मी रंध्यावरच बरा." मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

फोनवर कंपनीशी बोलताना माझ्या तोंडातल्या 'मले'चं 'मला' व्हायचं, 'काहून'चं 'का' व्हायचं, आवाजही थोडा बारीक व्हायचा. पॉलिशला येणाऱ्या दोघी बाया तेव्हा एकमेकींकडे बघून ओठ दाबायच्या. बाबा हसत नसत. माझा फोन वाजला की ते रंधा थांबवायचे, आवाज जाऊ नये म्हणून. मी त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं. पण थांबवू नका, असंही सांगितलं नव्हतं.

आता त्या फटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरूनच घडलं.

बाबा पेटीचं झाकण बसवताना एक लग्नपत्रिका वापरायचे. आमच्या समाजातली, निळ्या काठाची, जाड कागदाची. वरच्या चित्रांचा भाग आई जपून कापून ठेवायची आणि खालचा, स्थळ आणि भोजनाच्या वेळेचा तुकडा बाबांच्या वाट्याला यायचा. झाकणाच्या आतली पट्टी पेटीत उतरते, तिथं चारी बाजूंनी तो तुकडा सरकवून बघायचा. भर उन्हाळ्यात केलेल्या पेटीत तो मोकळा फिरला पाहिजे. पावसाळ्यात केलेल्या पेटीत तो शिरताच कामा नये. आमच्याकडे चैत्र-वैशाखात लाकूड पापडासारखं वाळतं, आणि तीच पेटी दमट हवेत गेली की पाणी पिऊन फुगते. म्हणून उन्हाळ्यात पत्रिकेएवढी फट ठेवायची. कुठल्या महिन्यात किती, हे बाबांच्या बोटांना पाठ होतं. मी ते कधी लिहून घेतलं नाही. मला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा.

अत्तराच्या कंपनीला आम्ही नमुन्याची एक पेटी पाठवली होती, बाबांनी होळीच्या सुमारास पत्रिका फिरवून केलेली. कंपनी समुद्रकाठच्या शहरातली. तिथल्या ज्या बाई आमचं काम बघायच्या त्यांचा फोन आला. पेटी सुरेख आहे, म्हणाल्या, पण झाकण जरा हलतंय. हातात घेतल्यावर खुळखुळ वाजतंय. उंची वस्तूचं झाकण घट्ट हवं. ऑर्डर तीनशे पेट्यांची होती.

मी बाबांना सांगितलं, झाकणं घट्ट करा.

"आता हालते, माय. पन ते पान्याच्या हवेत जाऊन राह्यलं नं? तेथं आपोआप बसते. फट राहू दे."

"त्यांले आत्ताच घट्ट पाह्यजे, बाबा."

"त्यांले कायले? लाकडाले इचार नं."

तीन दिवस आमची अशी हुज्जत चालली. वर पत्रा तापलेला, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आणि मी मालकिणीच्या खुर्चीत बसून माझ्या बापाला लाकूड शिकवतेय. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "तुमी चौकटी केल्या जन्मभर. ह्ये चौकटीचं काम नाई. कंपनीले तुमच्यापेक्षा जास्त समजते."

बाबांनी पत्रिकेचा तुकडा उचलला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि म्हणाले, "बरं. तू म्हन्तं त घट्ट करू." आणि त्यांनी तीनशे झाकणं घट्ट केली. काम वाईट करून मला धडा शिकवावा, असला स्वभाव त्यांचा नाही. एकेक झाकण असं बसलं की नखसुद्धा शिरणार नाही. बाईंना व्हिडिओ पाठवला, त्या खूश झाल्या. मीही गावभर मिरवले.

पेट्या मे महिन्यात गेल्या आणि त्यांच्या गोदामात पडून राहिल्या. नव्या अत्तराचा समारंभ जुलैत झाला. मी नव्हते तिथं, पण बाईंनी फोनवर जे सांगितलं ते मला पाहिल्यासारखं दिसतं. व्यासपीठावर पाहुणे, समोर पेटी, कॅमेरे लागलेले. पाहुण्यांनी झाकण ओढलं. निघेना. दुसऱ्यानं पेटी धरली आणि पहिल्यानं ओढलं, तरी निघेना. लोक हसायला लागले. शेवटी कुणीतरी केक कापायची सुरी झाकणात घातली तेव्हा सागवानाचा कडेचा तुकडाच निघून आला. मागाहून त्यांनी सगळ्या पेट्या तपासल्या. तीनशेतली एकही धड उघडत नव्हती.

हा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात लाखेच्या पॉलिशनं माखले होते, म्हणून मी कोपरानंच स्पीकर चालू केला. प्लायच्या पार्टिशनपलीकडे बाबा होते. फोन वाजल्याबरोबर त्यांचा रंधा थांबला, नेहमीसारखा.

बाई ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थंड आवाजात म्हणाल्या, "मला फक्त एवढं सांगा, हे झालं कसं?"

आणि मी सांगितलं. एक क्षणही थांबावं लागलं नाही मला, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. जणू उत्तर आधीपासून जिभेवर तयार होतं. "मॅडम, आमच्याकडे एक जुने मिस्त्री होते. गावठी पद्धतीनं काम करायचे. मापं त्यांनी चुकवली. मी त्यांना काढून टाकलंय."

"नक्की?"

"हो मॅडम. परत त्यांचा हात लागणार नाही."

बाई म्हणाल्या, ठीक आहे, दहा दिवसांनी मी स्वतः येते, नवे नमुने तयार ठेवा, मग बघू. फोन बंद झाला. पॉलिशवाल्या बायांनी माना खाली घातल्या आणि एकच कोपरा कितीतरी वेळ घासत राहिल्या.  मग पार्टिशनपलीकडे हळूच रंधा सुरू झाला. मी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारानं बाहेर गेले आणि नळ नुसताच वाहू दिला.

 संध्याकाळी बाबांनी भाकर खाल्ली, आईशी वावरातल्या पऱ्हाटीच्या डवरणीचं बोलले. मला वाटलं, बहुतेक ऐकू गेलं नसावं. माणूस स्वतःला किती स्वस्तात फसवू शकतो बघा.

दुसऱ्या दिवशी ते गाळ्यावर आले नाहीत. मी दुपारी घरी आले तर अंगणातल्या बाजेवर बसून आईच्या खुरप्याला दांडा घालत होते.

"बरं नाई का?" मी विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "ते म्हन्ते का मले काढलं हाय."

मी जागच्या जागी मेले. रडायलाच लागले. म्हणाले, बाबा, तोंडातून निघून गेलं, त्यांनी ऑर्डर काढून घेतली असती, मी कायले तुमाले काढीन, गाळा तुमचा हाय. मला वाटत होतं ते रागावलेत. त्यांनी निदान एक शिवी तरी हासडावी म्हणून मी वाट बघत होते. ते खुरप्याचा दांडा फिरवून बघत म्हणाले, "अवो, राग कायचा? ते बाई येऊन राह्यली नं पाहाले? मी तेथं रंधा मारताना दिसलो त तू खोटी पडशीन. गावात कोनी बोलून गेलं त अजून खोटी पडशीन. दहा-पंधरा दिवस नाई येत मी. तेवढ्यात लोकायले सवय होऊन जाईन."

माझं खोटं खरं ठरावं म्हणून माझा बाप घरी बसला होता.

त्याच क्षणी फोन उचलून बाईंना सांगायला हवं होतं की ते जुने मिस्त्री माझे वडील आहेत आणि चूक माझी आहे. फोन माझ्या हातातच होता. मी तो पिशवीत टाकला आणि विचारलं, "मंग नमुने कोन करन?"

हे मी खरोखर विचारलं. रडून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

नमुने त्यांनीच केले. मी गाळ्यातून कापलेलं लाकूड पिशवीत घालून, स्कूटीवर पुढं ठेवून घरी आणायची आणि बाबा बाजेच्या कडेला फळी टेकवून झाकणं बसवायचे. वर ताडपत्री बांधली होती, झड लागली की तिच्यावरून पाणी ओघळायचं. "आता हवेतच पानी हाय. आता पत्रिका शिरली नाई पाह्यजे, पाह्य," म्हणत ते मला शिकवायचे आणि मी मान डोलवायची. चार पेट्या झाल्या. त्या मी परत पिशवीत घालून गाळ्यावर नेल्या. वाटेत कुणी विचारलं, काय नेऊन राह्यली, तर मी म्हणायची, डबा.

बाई आल्या. वयानं माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, बोलायला साध्या. पावसात दारव्ह्यापासून रस्ता खराब होता, त्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. त्यांनी पिशवीतून एक पेटी काढून टेबलावर ठेवली. समारंभातली फुटकी पेटी असणार म्हणून मी मान वळवली. पण ती होती आमची पहिली पेटी, होळीतली, पत्रिका फिरवून केलेली, खुळखुळ वाजते म्हणून नापसंत झालेली.

"ही बघा," त्या म्हणाल्या, "महिनाभर बघतेय मी." त्यांनी झाकण पेटीवर धरून सोडून दिलं. झाकण धपकन पडलं नाही. आतल्या हवेवर तरंगत, आपल्या आपण, हळूहळू खाली उतरलं आणि शेवटी एक बारीक उसासा टाकून बसलं. बाईंनी ते पुन्हा उचललं. अगदी अलगद आलं. "आम्हाला हेच हवं होतं आणि आम्हालाच ते कळलं नाही. ही कुणी केलीय?"

पॉलिशवाल्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. त्या वेळी मला कसलीच भीती नव्हती, बाई चिडलेल्या नव्हत्या, ऑर्डर जात नव्हती. उलट खरं बोलायला त्यांनी दार उघडून धरलं होतं. फक्त आधीचं खोटं मागं घ्यावं लागलं असतं, म्हणजे त्यांच्यासमोर मिनिटभर लहान व्हावं लागलं असतं.

"मी केली," मी म्हणाले.

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात आहे ते."

त्यांनी माझा हात हातात घेतला. लाखेचे डाग होते त्यावर, ते त्यांना कष्टाचे वाटले असतील.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा बाबा फाटकाशीच उभे होते. "झाकन बसलं का?" त्यांनी आधी हेच विचारलं. मी म्हणाले, बसलं. पहिल्या पेटीचंही सांगितलं, हवेवर कसं उतरलं ते. ते इतके हरखले की मला त्यांच्याकडे बघवेना. "मी म्हनलं होतं नं, तेथं आपोआप बसते!" आईला दोनदा सांगितलं. मग थोड्या वेळानं, चपला काढता काढता, चेष्टा करावी तसं पण चेष्टा न करता विचारलं, "मंग आता मी येऊ का उद्यापासून?"

स्वतःच्या रंध्यावर जायला त्यांनी माझी परवानगी मागितली. मी 'या नं' म्हणाले. ती कुणी केली, असं बाईंनी विचारल्याचं सांगितलं नाही.

त्याला तीन वर्षं झाली. ऑर्डरी वाढल्या, गाळ्याला जोडून दुसरा गाळा घेतला. बाई वर्षातून दोनदा येतात, यायच्या आधी फोन करतात. ज्या दिवशी त्या येणार, त्या सकाळी बाबा आपला रंधा, पटाशी आणि पत्रिकेचा तुकडा पिशवीत घालतात आणि मागच्या दारानं निघून जातात. मी त्यांना जायला सांगत नाही. आज बाई येणार आहेत, एवढंच सांगते. दरवेळी ठरवते, आज सांगून टाकू. दरवेळी चहा होतो, पेट्या बघून होतात, गाडी निघून जाते.

यंदा श्रावणात त्या न सांगता आल्या. अमरावतीला काही काम होतं, म्हणाल्या, वाट थोडी वाकडी केली. मी दारात उभी, माझ्यामागे पार्टिशनचं दार सताड उघडं, आणि आत बाबा हातात झाकण धरून पेटीवर वाकलेले. बाई थेट आत गेल्या. बाबांनी झाकण सोडलं. ते हवेवर तरंगत खाली आलं. बाई बघत राहिल्या. झाकण बसल्यावर त्यांनी विचारलं, "हे कोण?"

मी तोंड उघडलं. आई शप्पथ सांगते, या वेळी मी सांगणार होते. 'हे माझे' एवढं घशापर्यंत आलं होतं.

बाबा उठून उभे राहिले. सदऱ्यावरचा भुसा झटकला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चाळीसच्या वर वर्षं रंधा मारलेला. हात जोडून म्हणाले, "मी कामाले हाओ, ताई. नवाच हाओ."

बाईंनी नमस्कार केला. पेटी उचलून पाहिली, झाकण दोनदा सोडून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "छान तयार केलंत तुम्ही यांना."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत विनवणी नव्हती की टोचणी नव्हती. चौकट बसवताना पलीकडचा माणूस कधी हात सोडतो याकडे बघावं, तसे ते बघत होते.

"हो," मी म्हणाले.

गाडी गेल्यावर ते पुन्हा खाली बसले. पुढची पेटी ओढली, खिशातून पत्रिकेचा तुकडा काढला आणि तो कडेनं फिरवता फिरवता, वर न बघता विचारलं, "बराबर बोललो नं मी?"

पॉलिशवाल्या बाया काम थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बराबर बोलले, बाबा," मी म्हणाले.